मास्तरचा बाप कट्टे उचलते

सौंदड स्टेशनचा फलाट त्या काळी इतका ठेंगणा होता की डब्याची खालची पायरी माझ्या गुडघ्याच्याही वर यायची. तरुण माणूस दांडा धरतो, टांग टाकतो आणि विसरून जातो. माझा बाप याच फलाटावरून उभी हयात गोंदियाच्या राईस मिलमध्ये हमालीला गेला. गाडी हलली तरी खांद्याला पोती ओढायचा लोखंडी आकडा अडकवून पळत चढायचा. त्या उन्हाळ्यात आम्ही त्याला शुगर तपासायला गोंदियाला नेत होतो, आणि त्याला चढताच येईना.

एक हात दांड्याला, एक पाय पायरीवर, आणि बाकीचं शरीर खालीच. मांड्या थरथरत होत्या. गार्डाची शिट्टी झाली. आतल्या दोन पोरांनी काखेत हात घालून ओढलं, खालून मी आणि एका अनोळखी माणसाने ढुंगणाला रेटा दिला. बाबा आत जाऊन पडला. डब्यातून कोणी तरी म्हणालं, "लोड हो गया, चलो." सगळे हसले. वाईट मनाने हसले असते तर मी भांडले असते. पण ते सहज हसले, ओळखीचं काम झालं म्हणून. पोतं चढवल्यावर माणसं हसतात तसं.

गोंदिया येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत राहिला. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "या दसऱ्याले मी नागपूरले येत नाही. तुमी जा. मले कट्ट्यावानी चढवू नोका."

कट्टा म्हणजे धानाचं भरलेलं पोतं. हे वाक्य लहान नव्हतं. छप्पन साली दीक्षेला तो आपल्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेला होता. त्यानंतर त्याचा एकही दसरा चुकला नव्हता. धानाचा हंगाम जोरात असो, मुकादम शिव्या देवो, अंगात ताप असो, तो पांढरा सदरा घालून गाडीत बसायचाच. आणि आता डब्याची एक पायरी मध्ये आली होती. म्हटलं तर एवढंच. पण मी त्या दिवशी स्टेशनबाहेर ऑटो शोधता शोधता ठरवलं की ही पायरी हा माणूस स्वतः चढेल. कसा, ते मला ठाऊक नव्हतं.

तो इतका खचला कसा, हे सांगायला माझ्या दादापासून सुरुवात करावी लागेल. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर लागला, पहिला पगार आला आणि पहिलं काम त्याने केलं ते बाबाची हमाली बंद करण्याचं. आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले. आकडा त्याने स्वतःच्या हाताने विहिरीत टाकला. लहानपणी तो बाबाचा डबा घेऊन मिलमध्ये जायचा. तिथे त्याने बापाला कट्ट्याखाली वाकलेला बघितला होता, मुकादमाच्या तोंडची जात ऐकली होती. त्यामुळे बाप बाजेवर बसला म्हणजे घर वर आलं, असं त्याचं साधं गणित. आमच्या अर्ध्या मोहल्ल्याचं तेच गणित होतं. म्हाताऱ्याने काडी उचलायची नाही, ही पोराच्या नोकरीची निशाणी. बाबाने बादली उचलली तरी वहिनी धावत यायची, आणि शेजारीण बघत असेल तर जास्तच जोरात धावायची.

त्यातच शुगर निघाली. मग काय, आरामाला डॉक्टरी शिक्का मिळाला. बाज, गादी, टीव्ही. पोट पुढे आलं, मांड्या वाळल्या, दंडांची कातडी लोंबायला लागली. ज्या मानेवर कट्टा ठेवून ठेवून घट्टा पडला होता तो घट्टासुद्धा मऊ पडला. गोळ्या वाढत गेल्या. शुगर हटेना. आणि घरात सगळे खूश, की बापाला आता सुख आहे.

मी तेव्हा एका संघटनेत पत्रकं लिहायचे. हमालांचे प्रश्न, रेशन, दवाखान्यात न मिळणारं औषध, असलं सगळं. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते, कोणत्याही गर्दीत गेलं की यात चोर कोण ते शोधायचं. त्या वर्षी मला फार शोधावं लागलं नाही.

आधी शिबिर. शाळेच्या मैदानात मंडप घालून मधुमेह तपासणी ठेवली होती, कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस म्हणून. बोटाला सुई टोचायची, आकडा सांगायचा, पुढे सरकवायचं. शेवटच्या टेबलावर प्रत्येकाला कागदी पेल्यात साखरेचा चहा आणि बुंदीचा लाडू. मी खोटं लिहीत नाही. एका हातात शुगर वाढल्याचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात लाडू, अशी माणसं रांगेने बाहेर पडत होती आणि फोटोवाला फोटो काढत होता. मग डॉक्टरांचं भाषण. भात बंद करा, सकाळी फिरायला जा, टेन्शन घेऊ नका, जड काम टाळा. समोर बसले होते सगळे धान पिकवणारे, धान कांडणारे, धान वाहणारे. आमच्याकडे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. माय माझ्या कानाशी म्हणाली, "भात बंद करून खावाचं काय गा, बारदान?" बारदान म्हणजे धानाचं रिकामं पोतं. मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टरांना वाटलं भाषण रंगलं.

मला हसू आलं नाही. किळस आली. अन्नाला नावं ठेवायची, जड काम टाळा म्हणायचं, आणि जड काम टाळल्यावर जे अंग उरतं त्याचं काय करायचं ते सांगायचं नाही. बाबाने ते भाषण मान हलवत ऐकलं. त्यातलं "जड काम टाळा" दादाने घरी येऊन पुन्हा पुन्हा ऐकवलं, जणू शाळेतला पाठ.

दुसरी गोष्ट मिलमालक शेटजीच्या बंगल्यावरची. गोंदियाच्या ज्या मिलमध्ये बाबाने हमाली केली तिथे अजून क्विंटलाचा कट्टा चालायचा, आणि आमची मागणी होती की कट्टा निम्मा करा. चार हमाल आणि मी सकाळीच गेलो. आम्हाला व्हरांड्यात बसवलं. व्हरांड्याला लागून काचेचं दार, काचेआड पंखा लावलेली खोली, आणि खोलीत शेटजी लोखंड उचलत होते. खरंच. चकचकीत दांडा, दोन बाजूंना चकत्या, पुढे व्यायामाचा एक पिळदार मास्तर उभा, तो आकडे म्हणतोय आणि शेटजी खाली बसून उठताहेत. माझ्या बाजूला बसलेल्या हमालाची मान वजनाने कायमची तिरकी झाली होती. तो तशा तिरक्या मानेने ते सगळं बघत होता.

शेटजी टॉवेलने घाम पुसत बाहेर आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना वाटलं मला कौतुक वाटतंय. आनंदाने सांगायला लागले, "बेटी, शुगर है ना. नागपूर का डॉक्टर बोला, सेठजी, सिर्फ घूमने से नहीं होगा, वजन उठाओ. मसल रहेगी तो शुगर खाएगी."

मी म्हटलं, माझ्या बाबालाही शुगर आहे, तुमच्याच मिलमध्ये होता.

"उसको क्या जरूरत," ते म्हणाले. "वो तो जिंदगीभर उठाया."

कट्ट्याचं काय झालं? देखेंगे म्हणाले. चहा पाजला. बिनसाखरेचा, कारण घरात आता तसाच होत होता.

बाहेर आल्यावर मला रस्त्याच्या कडेला थुंकावंसं वाटलं, आणि मी थुंकलेही. एकाच मिलमध्ये, एकाच रोगाला दोन उपाय. ज्याने कधी काही उचललं नाही त्याला लोखंड, मास्तर आणि पंखा. ज्याने त्याचं सगळं उचललं त्याला गादी. पण त्याहून जास्त मला लागलं ते दुसरंच. "वो तो जिंदगीभर उठाया" हे वाक्य मी आमच्या घरातही ऐकलं होतं. खुद्द बाबा तेच म्हणायचा. मी सकाळी फिरायला चल म्हटलं की म्हणायचा, "मी उभ्या जिंदगीचं करून बसलो पोरी, ते जमा हाय." शेटजी, शिबिरातले डॉक्टर, दादा, बाबा, सगळ्यांचा एकच समज, की अंगमेहनत ही कोठीत भरून ठेवलेल्या धानासारखी असते, म्हातारपणी काढून खाता येते.

मी गेले संघटनेच्या ऑफिसात. शुगरवर एक पत्रक निघणार होतं, माझ्याकडेच होतं लिहायला. औषधं फुकट मिळाली पाहिजेत, तपासणी गावात झाली पाहिजे, हे सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं की शुगरच्या माणसाने, मग तो कष्टकरी का असेना, स्नायू टिकवायला वजनाचा व्यायाम केला पाहिजे आणि तो शिकवायची सोय दवाखान्यात हवी. आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्याने तेवढ्याच ओळीवर लाल रेघ मारली. कष्टकऱ्याला व्यायाम शिकवणं ही त्याची थट्टा आहे, व्यायाम हा बसून खाणाऱ्यांचा चोचला, असं तो बिडी ओढत म्हणाला. मी विचारलं, माझा बाप आता बसूनच खातो, मग तो कोण? तो म्हणाला तू भावनेच्या भरात बोलून रायली. पत्रक त्या ओळीविना छापलं गेलं. मी वाटलंही. हातात गठ्ठा होता, वाटला. त्या दिवशी मला आमचीही किळस आली, हे इथे लिहून ठेवते.

गोंदियाच्या दवाखान्यात व्यायामाच्या उपचाराची एक खोली होती, कोपऱ्यात, जिन्याखाली. हात मोडलेली, लकवा मारलेली माणसं तिथे यायची. शुगरचं कोणी जात नसे, कोणी पाठवतच नसे. तिथली बाई माझ्याच वयाची होती, तोंडाची तिखट. मी ऑटो करून बाबाला नेलं आणि तिच्यापुढे उभं केलं. आधी तिने बीपी बघितलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, पडद्याला इजा असेल तर जोर लावायचा नाही म्हणाली. मग बाबाच्या तळपायाला बारीक दोरा लावून विचारलं, पायाला मुंग्या येतात का.

"नाही," बाबा म्हणाला. "मुंग्या नाही, काईच नाही."

तिचा चेहरा उतरला. पायाला काहीच कळत नाही हे मुंग्यांपेक्षा वाईट, असं तिने मला नंतर सांगितलं. रोज संध्याकाळी तळवे बघायचे, चप्पल नको, बंद बूट. मग म्हणाली, आता त्या स्टुलावरून हात न टेकता उठा. बाबाला उठता आलं नाही. ज्याने क्विंटलाचे कट्टे फळीवरून गाडीत नेले, त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. तो माझ्याकडे न बघता हसला.

मी सवयीने म्हटलं, आयुष्यभर वजन उचललंय त्याने.

"मग?" ती बाई म्हणाली. "आयुष्यभर जेवलेही असतील. म्हणून आज जेवणार नाहीत का?"

मग तिने समजावलं, साध्या भाषेत. पोटातली साखर रक्तात येते, तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. मांडीचा, पाठीचा, दंडाचा. गिऱ्हाईक मेलं तर माल रक्तातच पडून राहणार. चालणं चांगलं, चालत राहा, पण नुसत्या चालण्याने वाळलेली मांडी भरत नाही. तिला थोडं ओझं द्यावं लागतं, हळूहळू वाढवत. गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि मध्ये एक एक दिवस सुट्टी, स्नायूला भरायला वेळ लागतो.

सुट्टीवर बाबा पहिल्यांदा मोकळं बोलला. "हमालाले कोन सुट्टी देल्ला होता मॅडम?"

"म्हणून तर मान अशी झाली," ती म्हणाली. बाबाला ती आवडली.

घरी येऊन मायने जुन्या बारदानाच्या लहान पिशव्या शिवल्या. धान भरू म्हणाली, मग उंदीर येतील म्हणून नदीची वाळू भरली. हातात मावणाऱ्या दोन, आणि एक जरा मोठी, छातीशी धरायची. बाबाने ती मोठी बघितली. शिवण ओळखीची होती, कापड ओळखीचं, वासही तोच. तो बाजेवर बसला आणि मला म्हणाला, "हमाली सुटली म्हनून तुया भावानं गावात पेढे वाटले. अन तू मले परत कट्टा देऊन रायली?"

 इतकी पत्रकं लिहिली, पण बापाला कट्टा का उचलायचा ते सांगता येईना. मायच बोलली. "तो शेटचा होता. हा माया हातचा हाय. उचला नाही तर मी उचलतो, पन मंग सैपाक तुमी करा."

पण खरा अडथळा दादा. तो संध्याकाळी आला, पिशव्या बघितल्या आणि शाळेतल्यासारखा आवाज खाली नेऊन बोलला. त्याचा राग असा असतो, थंड. माणसं काय म्हणतील, याची त्याला खरी भीती होती, आणि ती त्याने लपवली नाही. "उद्या गावात बोलतीन, मास्तरचा बाप कट्टे उचलते. यासाठी शिकलो का मी?"

मी शेटजीचं सांगितलं. लोखंडाचं, पंख्याचं. दादा म्हणाला, शेटने उचललं तर व्यायाम म्हणतात, बाबाने उचललं तर हमालीच म्हणतात. आणि हे त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. जगाची घाण खरी असते म्हणून ती बापाच्या मांडीवर आणून ओतायची का?

शेवटी तह झाला. व्यायाम करायचा, पण मागे, सांदवाडीत, गोठ्याच्या आडोशाला. दारावरून कोणाला दिसायला नको. चोरटं काम करावं तसं माझा बाप आपल्याच घराच्या मागे, शेणाच्या वासात उभा राहून ताकद कमवायला लागला. आजही ते आठवलं की तोंड कडू होतं.

बाजेवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला तळहात लावून ढकलायचं. गोठ्याचा खांब धरून टाचा उचलायच्या. मग पिशव्या. आणि मी विटांची एक पायरी मांडली, आधी एक वीट, खांबाला एक बांबू बांधला दांड्यासारखा. पावसाळा पुढे सरकला तशी पायरी वाढत गेली. धानाच्या रोवणीला गेलेल्या बाया परत येताना सांदवाडीच्या कुडावरून डोकावायच्या. एकीने विचारलं, "काऊन गा बाप्पा, वीट चढून कोठी जाऊन रायला?" बाबा म्हणाला, "नागपूरले." ती म्हणाली मग टिकिट काढा. बाबा त्या दिवशी दोनदा जास्त चढला.

सगळ्यात कठीण गेलं ते श्वासाचं. हमाल दम धरतो. कट्टा तो जमिनीवरून उचलतच नाही मुळी, चढवणारे दोघे त्याच्या पाठीवर टाकतात. कट्टा अंगावर पडताना हमाल छाती भरून दम कोंडतो आणि कट्टा उतरेपर्यंत सोडत नाही. शिकवायला कोणी येत नाही, न शिकणाऱ्याची पाठ जाते. दवाखान्यातल्या बाईने नेमकं हेच मना केलं होतं. दम कोंडला की बीपी चढतं, डोळ्यावर ताण येतो. उठताना श्वास सोडायचा. बाबाला ते उलटंच वाटायचं, जणू ओझं घेताना कोणी कंबर सोडायला सांगतंय. मी समोर उभी राहून "सोड, सोड" म्हणायचे. चेहरा लाल करून तो म्हणायचा, "थांब व, सोडतो." आणि सोडायचा नाही.

एके सकाळी जेवणाआधी व्यायाम केला आणि बाबा घामाने भिजला, हात थरथरले, बोलणं तुटक झालं. मायने गूळ चारला आणि तो सावरला. शुगर खाली गेली होती, गोळीमुळे. दादा शाळेतून धावत आला. मला म्हणाला, "मारतं का त्याले?"  त्याच दिवशी आम्ही दोघांनी बाबाला ऑटोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने गोळी कमी केली. कमी केली, हे दादाने दोनदा विचारून खात्री करून घेतलं. इतक्या वर्षांत गोळी पहिल्यांदा कमी झाली होती. येताना ऑटोत दादाने डॉक्टरची चिठ्ठी पुन्हा वाचली. पण सांदवाडीचा आडोसा काढू का, असं मी विचारलं तर म्हणाला नको.

दसरा आला. सौंदडचा तो ठेंगणा फलाट पांढऱ्या लुगड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून गेला. बाबाच्या अंगात पांढरा सदरा, पायात मी घेतलेले कॅनव्हासचे बूट, ज्यांना तो पोलिसाचे बूट म्हणायचा. दादा येणार नव्हता. तरी तो फलाटावर आला, बाबा पडेल म्हणून. तसं तोंडाने बोलला नाही, पण बाबाच्या मागे दोन्ही हात थोडे पसरून उभा राहिला, पोर पहिल्यांदा चालतं तेव्हा उभे राहतात तसा. लोक बघत होते. मला त्या हातांची चीड आली.

गाडी लागली. रेटारेटी झाली. मी बाबाला दाराच्या कडेला घेतलं, दांडा मिळेल अशा बाजूने. त्याने दांडा धरला, पाय ठेवला आणि छाती भरून दम कोंडला. मला दिसलं. मान फुगली, कान लाल झाले, अंग अर्धं वर गेलं आणि तिथेच अडकलं. बूट पायरीवरून घसरला, त्याला कळलंही नाही, कारण पायाला कळतच नव्हतं. तो पुन्हा फलाटावर आला. वरून दोन हात आले, बाबा, हात द्या. दादा पुढे सरकला. त्याचे हात काखेपर्यंत पोचले.

"हात काढ," बाबा म्हणाला. "हात काढ, मास्तर."

घरात त्याला कोणी मास्तर म्हणत नसे. दादाने हात काढले. वरच्या पोरांनीही काढले, का कोण जाणे. बाबाने खाली बघून बूट पायरीवर नीट बसवला, डोळ्यांनी बघून, कारण दुसरा इलाज नव्हता. दांडा धरला. आणि मोठ्याने, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा श्वास सोडत उठला. थांबला नाही. पहिली पायरी, दुसरी, आत. मी मागून चढले. मागे वळून बघितलं तर दादा फलाटावर तसाच उभा होता. हात कुठे ठेवायचे ते त्याला सुचत नव्हतं. गाडी हलली.

आत एका माणसाने जागा दिली. विचारपूस झाली, तब्येत कशी, शुगर हाय म्हणे, कोणाचं औषध सुरू आहे. कारल्याचा रस की जांभळाची भुकटी? बाबा घाम पुसत म्हणाला, "परत हमालीवर लागलो गा. घरच्याच." डबा हसला. यावेळी बाबाही हसला. समोरचा म्हणाला, मलाही शुगर आहे, पण पोरं काही करू देत नाहीत. बाबाने त्याच्या मांड्यांकडे बघितलं, निरखून, मालाकडे बघावं तसं.

नागपूरहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांदवाडीत गेले तर मोठी पिशवी नव्हती. विटा नव्हत्या. मला वाटलं दादाने फेकल्या. समोर आले तर बाबा फाटकाजवळ उभा. दादाच्या नावाची, हुद्द्याची पाटी जिथे लावली आहे, बरोबर तिच्या खाली विटांची पायरी मांडलेली. पिशवी छातीशी धरून तो चढत होता, उतरत होता, तोंडाने फुस फुस आवाज करत. रस्त्याने बँकेत जाणारे, शाळेत जाणारे, पिठाच्या चक्कीवर जाणारे, सगळे बघत होते.

आमच्याच मोहल्ल्यातला एक पोरगा सायकलवर होता. त्याचाही बाप मिलमधून सुटून बाजेवर पडलेला. पोरगा सायकल हळू करून ओरडला, "मास्तरचा बाप कट्टे उचलते गा!"

"उचलतो," बाबा म्हणाला. वर चढला, श्वास सोडला, खाली उतरला. "तुया बापाले बी आन."

आतून दादाने खिडकी लावून घेतली. टीव्हीचा आवाज मोठा झाला.